सिनेमातलं पहाटेचं ऑम्लेट आणि आपला रस

अंत्रुजकर | शनिवार, रात्री १०.२०

'बिग नाईट' (१९९६) इथे किती जणांनी पाहिलाय? मला त्याच्या शेवटाबद्दलच बोलायचं आहे, तेव्हा ज्यांना आधी पाहायचा असेल त्यांनी पुढे वाचू नये.

गोष्ट १९५० च्या दशकातली, न्यू जर्सीतली. इटलीहून आलेले दोन भाऊ तिथे खाणावळ चालवतात. मोठा प्रिमो स्वयंपाकघरात, धाकटा सेकोंदो बाहेर, म्हणजे गिऱ्हाइकं आणि बँकेचे हप्ते त्याच्या गळ्यात. प्रिमोच्या हाताला चव आहे, पण तो कुणापुढे वाकत नाही. एक बाई रिसोत्तोबरोबर स्पॅगेटी मागते तेव्हा त्याचा संताप होतो, कारण भाताबरोबर शेवया कोण खातं? धंदा बुडायला आलेला. लुई प्रिमा हा नावाजलेला गायक जेवायला येणार असं कळतं आणि होते नव्हते तेवढे पैसे घालून दोघे मेजवानी करतात. प्रिमा येतच नाही. रात्री समुद्रावर दोघा भावांचं जुंपतं, नको ते बोलून होतं.

मग पहाट. सेकोंदो स्वयंपाकघरात येतो, अंडी फोडतो, फेटतो, ऑम्लेट करतो. तिथेच झोपलेल्या वेटर पोराला एक वाटा, एक स्वतःला, एक राखून ठेवलेला. मग प्रिमो येतो. धाकटा उठून त्याच्यापुढे ताट ठेवतो. दोघे शेजारी बसून खातात आणि खाता खाता एकमेकांच्या पाठीवर हात टाकतात. कॅमेरा एका जागी उभा, चारपाच मिनिटांचा सलग प्रसंग, बोलणं जवळजवळ नाहीच.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आवडलं होतं. यंदाच्या चवथीनंतर मात्र तो प्रसंग माझ्या अंगाला चिकटून राहिलाय.

आमचं मूळ घर गोव्यातल्या शिरोड्याला. चवथीला सगळे तिथे जमतो. दीड दिवसाचा गणपती. यंदा पोचवून आलो आणि त्याच रात्री माझं आणि दादाचं वाजलं. विषय छपराचा. दादाला मंगळुरी कौलं काढून स्लॅब घालायचाय. दर पावसाळ्याआधी कौलं परतायला माणसं मिळत नाहीत, माकडं नाचून फोडतात, आणि हे सगळं तो एकटा निस्तरतो. मी पणजीत फ्लॅटमध्ये राहतो आणि मला कौलं हवीत. त्यानं हे बोलून दाखवलं. मीही मग बाबांच्या आजारपणातलं काहीतरी उकरून काढलं. वहिनी मधे पडली, तिलाही ऐकावं लागलं. रिकाम्या चौरंगासमोर माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधतात ती फळापानांची चौकट, अजून तशीच टांगलेली होती आणि तिच्याखाली आम्ही दोघे ओरडत होतो.

झोप लागली नाही. साडेपाचला उठून रांधपाच्या कुडीत, स्वयंपाकघरात गेलो. भूक वगैरे काही नव्हती, हाताला काम हवं होतं. घरात सगळं शिवराक, अंडं कुठून असणार? मागच्या दारानं शेजारच्या माईंकडे गेलो, त्या उठलेल्याच होत्या. त्यांनी गावठी अंडी दिली, पाच. एकावर पिसाचा तुकडा चिकटलेला होता, अजून ऊब होती. परत येईपर्यंत पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला, त्याच्याकडून चार पोई (कणकेचे पाव) घेतल्या.

कांदा चिरला नाही, मिरची घेतली नाही. पाच अंडी, पाव चमचा मीठ, काट्यानं फेटली. आईचा बिडाचा तवा, त्यावर खोबरेल. आच एवढी मंद की अंडं पडलं तरी आवाज झाला नाही. कडा तपकिरी होऊ न देता चमच्यानं आत ओढत राहिलो, मध्ये ओलसर असतानाच तवा उतरवला. शेगडीशेजारी आदल्या दिवशीच्या अळसांद्यांच्या (चवळीसारख्या कडधान्याच्या) तोणाकाचं, म्हणजे उसळीचं टोप होतं. नैवेद्याचं, म्हणजे कांदा-लसूण काही नाही, नुसतं भाजलेलं खोबरं, धने, मिरसांग (मिरची), गरम मसाला. रात्रीत आटून दाट झालं होतं. पाणी घालून ऊन केलं आणि अळसांदे बाजूला सारून नुसता रस ऑम्लेटच्या कडेनं ओतला.

दादाचा चौदा वर्षांचा मुलगा सोप्यावर झोपला होता. वासानं उठून आला आणि खाली बसला. त्याला वाढलं, मी घेतलं. दादा विहिरीवरून आला आणि दारात थांबला. मी पाट सरकवला. तो बसला. पोई मोडली, रसात बुडवली, खाल्ली. मग उरलेल्या पोईचा मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. एवढंच. कुणी काही बोललं नाही.

आता माझी अडचण. त्यानंतर चार रविवार मी घरी तेच करून बघतोय, गाड्यावर ऑम्लेटवर ओतून रस ऑम्लेट म्हणून देतात तसा कोंबडीचा पुरेपूर रस करून. एकदाही जमलं नाही. अंडं एक तर रसात बुडून मरतं, नाहीतर रबर होतं. कुठे चुकतंय? आणि तुम्ही सिनेमात पाहून काही केलं असेल तर तेही लिहा. छायाचित्रासारखं हुबेहूब झालं की नाही ते नको, कुणासाठी केलं आणि काय झालं ते लिहा.

मिरसांग | शनिवार, रात्री ११.०५

पहिल्यांदा रसाचं बोलू. गाड्यावरचा रस म्हणजे शागोती, भाजल्या वाटणाचं कोंबडीचं कालवण, नव्हे. वाटण शागोतीचंच, पण तो पातळ असतो आणि त्याचा जीव हाडांच्या पाण्यात असतो. मांसाचे तुकडे त्यात नावाला.

सहा जणांसाठी माझं माप: एका नारळाचा चव, दोन मोठे कांदे, दोन मोठे चमचे धने, आठ-दहा काश्मिरी मिरच्या, एकेक लहान चमचा बडीशेप आणि खसखस, दहा मिरी, चार लवंगा, बोटभर दालचिनी, अर्धं चक्रीफूल, हळद, शेवटी किसलेलं जायफळ. हरमलची मिरची वापरणार असाल तर निम्मी घ्या, ती चांगली तिखट असते. कांदा वेगळा भाजायचा, खोबरं वेगळं. खोबरं बदामी रंगाच्या जरा पुढे न्यायचं आणि तिथेच थांबायचं. एक मिनिट जास्त झालं की कडवटपणा येतो आणि तो कशानंच जात नाही. कोंबडीची मान, पंख, पाठीची हाडं घालून वेगळं पाणी उकळून ठेवायचं आणि वाटण त्या पाण्यात सैल करायचं. चमच्यावरून ओघळला पाहिजे.

तुमच्या त्या पहाटेच्या रसात कोंबडी नव्हती, कांदाही नव्हता. मला वाटतं म्हणूनच अंड्याची चव वर राहिली. अळसांद्यांचं तोणाक दुसऱ्या दिवशी गोडसर लागतं. तेच करा की परत.

पोफळी | रविवार, सकाळी ८.१५

अंत्रुजकर, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं.

पण एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. रस मुळात हवाच कशाला? त्या चित्रपटात आदल्या रात्री काय काय वाढलं जातं ते आठवा. तिंपानो येतो, पिठाच्या पारीत पास्ता, अंडी, मांसाचे गोळे, सॉस भरून भाजलेला नगाऱ्याएवढा पदार्थ. (तो स्टॅन्ली तुचीच्या घरातला. सेकोंदोचं काम त्यानंच केलंय आणि कॅम्बेल स्कॉटबरोबर दिग्दर्शनही.) सगळा जीव ओतून केलेली मेजवानी, आणि तिनं काही वाचत नाही. त्यानंतर अंडी, तेल, मीठ. दाखवण्यासारखं काही उरलेलंच नाही म्हणून ते ऑम्लेट तसं आहे. तुम्ही त्यावर बारा मसाल्यांचा रस ओतला की परत मेजवानीच झाली.

रस ऑम्लेटशी माझं वैर नाही. २००४ पासून इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, आणि रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर गाड्यावर उभं राहून खाल्लेल्या रस ऑम्लेटवर माझे कित्येक नोव्हेंबर गेलेत. वर कच्चा कांदा, लिंबू, घाम येईस्तोवर तिखट. पण ते भूक भागवणारं खाणं. तुम्ही शोधताय ते वेगळं आहे.

अंत्रुजकर | रविवार, सकाळी ९.३०

पोफळी, चित्रपटापुरतं तुमचं पटतं. पण आमच्या घरात त्या पहाटे नुसतं ऑम्लेट ठेवलं असतं तर ते परकं दिसलं असतं हो. दादानं आयुष्यात नुसतं ऑम्लेट खाल्लेलं नाही. रसात पोई बुडवायची ही त्याची सवय, बाबांचीही तीच. तोणाक वहिनीनं केलेलं होतं आणि रात्री तिलाही बोलणी बसली होती. ती तेव्हा तिथे नव्हती, पण तिच्या हातचं ताटात होतं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं, आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

खारेवारे | रविवार, दुपारी १२.४५

मी रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा रबराचं उत्तर माझ्याकडून घ्या. अंड्याचा पांढरा भाग ६० अंशांच्या थोडं वर गेला की थिजायला लागतो, पिवळा ६५ ते ७० च्या दरम्यान. तुम्ही तवा उतरवता तेव्हा मधला भाग बरोबर त्या हद्दीवर असतो. त्यावर उकळता रस ओतला म्हणजे जवळजवळ १०० अंशांचं पाणी. अंडं ताटात शिजत राहतं, आवळतं, पाणी सोडतं. गाडेवाल्याला त्याची फिकीर नसते, कारण त्याचं ऑम्लेट आधीच दोन्ही बाजूंनी खरपूस असतं, कांदा-मिरचीनं जड झालेलं, रस सोसेल असं. तुमचं मऊ आहे, ते सोसणार नाही. त्या पहाटे तुम्ही तोणाक उकळलं नव्हतं, ऊन केलं होतं आणि कडेनं ओतलं होतं. चार रविवार काय केलं?

दुसरं, विचारू नये पण विचारतो. दादाशी नंतर बोललात का? सिनेमा पाठीवर हात टाकल्यावर संपतो. घरात त्यानंतर सोमवार येतो.

अंत्रुजकर | रविवार, दुपारी १.१०

उकळता ओतला, चारही वेळा, आणि वरून. आता कळलं.

बोललो. फोनवर, दोनदा. कौलांचं ठरलेलं नाही. बाबांबद्दल बोललो त्याची माफी मागितली, तो "बरें" म्हणाला आणि पावसाची चौकशी करायला लागला. माझ्या वाट्याचं काम मी घेतलंय. मे महिन्यात कौलं परतायला सुटी काढून जाणार आहे, स्लॅब होईपर्यंत तरी.

दर्याकांठ | रविवार, सायंकाळी ६.२०

माझं 'द लंचबॉक्स' (२०१३). सगळ्यांना डब्यातल्या चिठ्ठ्या आठवतात, जेवण खारट झालं होतं ही साजन फर्नांडिसची पहिली चिठ्ठी वगैरे. मला मात्र वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी आठवतात. त्या पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, भारती आचरेकरांचा नुसता आवाज, आणि खिडकीतून दोरीनं खाली येणारी टोपली.

मी लग्न होऊन मडगावला आले तेव्हा सोलापूरकडची, माशाला कधी हात लावलेला नाही. आमच्या वर एक आजी राहायच्या. पहिल्या पावसाळ्यात मी खिडकीतून विचारलं, बांगड्याला कसला वास येतोय एवढा छान? त्या म्हणाल्या उडदमेथी. मग पिशवी खाली आली. त्यात मूठभर तेफळं (तिरफळं). "बिया काढ, नुसती सालं घाल, ठेचून. वाटू नकोस." बी राहिलं तर कडू होतं, हेही वरूनच ओरडून सांगितलं. चमचाभर उडीद, पाव चमचा मेथी तेलात भाजून खोबऱ्या-मिरचीबरोबर वाटायची, मेथी लाल झाली की लगेच काढायची. आंबटाला सोलं (कोकम). तेफळं शेवटी, बांगडे सोडताना.

चित्रपट पाहून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी उडदमेथी केली. टोपलीत काय असतं ते तिथे नीट दिसतही नाही, म्हणून मी माझ्या पिशवीतलं केलं. आजी तोवर मुलाकडे बंगळुरूला गेल्या होत्या. फोन लावून कढीचा आवाज ऐकवला. त्या म्हणाल्या, आच कमी कर, फार खदखदतेय.

पिंपळपान | रविवार, रात्री ९.५०

पुण्याहून लिहितेय. दर्याकांठ, तुमचं वाचून डोळे भरले.

मी 'रातातुई' (२००७) पाहून तो शेवटचा पदार्थ केला होता, जो खाताच तो कडक समीक्षक थेट लहानपणच्या स्वयंपाकघरात जातो. चित्रपटातली ती मांडणी थॉमस केलर या अमेरिकन शेफनं सुचवलेली. वांगी, दोन रंगांची झुकिनी, टोमॅटो कागदासारखे पातळ कापून चकत्या गोल लावायच्या, खाली सिमला मिरचीचा सॉस, मंद आचेवर दोन तास. चकत्या करण्यात माझा अर्धा दिवस गेला. चव सुरेख आली. सासूबाईंनी आवडीनं खाल्लं, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि मी त्याचीच वाट बघत होते.

पुढच्या आठवड्यात मोठं वांगं आणून थेट गॅसवर भाजलं, साल काढून हातानं कुस्करलं, कच्चा कांदा, शेंगदाण्याचं कूट, वर कच्चं तेल. सासूबाईंनी वास घेतला आणि खानदेशातल्या त्यांच्या आजोळच्या शेतातली गोष्ट सांगितली, काड्या पेटवून वांगी भाजल्याची, जी मी चौदा वर्षांत ऐकलेली नव्हती. त्या गोष्टीत त्यांची एक बहीण होती. लहानपणीच गेलेली. तिचं नावही मला माहीत नव्हतं.

अंत्रुजकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतंय असं वाटतं. पदार्थ पडद्यावरचा घेतला की फसतं. त्या समीक्षकाला जे झालं ते आपल्या माणसाला कशानं होईल, एवढंच शोधायचं.

एक शंका: इथे पोई मिळत नाही. काय वापरू?

मिरसांग | रविवार, रात्री १०.३०

पोईच्या जवळचं म्हणजे कणकेचा, कोंडा असलेला, जरा चिवट पाव. गोड, लुसलुशीत लादी पाव घेऊ नका, रसात विरघळतो. पोई आतून पोकळ असते, खिशासारखी. ती मोडून आतली बाजू रसाला लावायची. काहीच मिळालं नाही तर तांदळाची भाकरी करा, उत्तम लागते.

पोफळी | सोमवार, सकाळी ७.४०

अंड्याचाच विषय आहे म्हणून: 'ताम्पोपो' (१९८५), जूझो इतामींचा. एक बेघर माणूस लहान मुलाला घेऊन रात्री हॉटेलच्या स्वयंपाकघरात चोरून शिरतो आणि त्याला ऑम्लेट-भात करून देतो. भातावर मऊ ऑम्लेट ठेवून मधून चीर दिली की ते उलगडून पसरतं. ती चीर देण्याची पद्धत या चित्रपटामुळेच प्रसिद्ध झाली. मी तीन वेळा प्रयत्न केला, चौथ्यांदा जमलं. उकडा तांदूळ नको, तो मोकळा राहतो. सुरय, म्हणजे न उकडलेला, चालतो.

आणि आज पहाटे मी तुमचं करून पाहिलं. रस घातलाच, पण वाटीत वेगळा. खारेवाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे बोट बुडवता येईल इतपत ऊन. बायको रात्रपाळी करून सहाला येते, परिचारिका आहे. ती आली तेव्हा तवा नुकताच उतरवला होता. तिनं पर्स खांद्यावरून काढली नाही, तशीच उभ्यानं खाल्लं. मी रसाबद्दल वाद घातला होता, पण तिनं वाटी तोंडाला लावून संपवली.

खारेवारे | सोमवार, सकाळी ८.०५

पोफळी, मीठ कधी घातलं? शिजवण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी मीठ घालून ठेवलं तर अंडं शिजताना पाणी कमी सोडतं. करून बघा.

दर्याकांठ | सोमवार, दुपारी २.३०

मिरसांगताई, रसात जायफळ नेमकं कधी घालायचं? मी वाटणातच घातलं तर वास उडतो.

मिरसांग | सोमवार, दुपारी ३.००

आच बंद केल्यावर, वरून किसून. झाकण ठेवून पाच मिनिटं. फार नको, जायफळ पुढे आलं की मिठाईसारखा वास येतो.

अंत्रुजकर | रविवार, रात्री ८.५०

आठवडाभर लिहिता आलं नाही. काल शिरोड्याला गेलो होतो, मुक्काम केला.

वहिनीला आधीच फोन करून अळसांदे भिजवायला सांगितले होते. तोणाक तिनंच केलं, या वेळी कांदा घालून. तिला मी त्या रात्रीबद्दल बोललो. ती म्हणाली, "तुमचं दोघांचं आम्हांला नवीन आहे का?" आणि नारळ फोडायला माझ्या हातात दिला.

पहाटे मी उठलो तर दादा आधीच चुलीपाशी. गावठी अंडी टोपलीत आणून ठेवलेली, सहा. मीठ मी आधी घालून ठेवलं, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. फेटायला त्यानं काटा माझ्याकडून घेतला. मी फेटतो त्याच्या दुप्पट जोरात फेटतो तो, वाटी दणदणत होती, पोरगा त्यानंच जागा झाला. तवा मी सांभाळला. मध्ये ओलसर असताना उतरवला, चार भाग केले, या वेळी वहिनीही बसली.

रस ऊन होता, बोट बुडेल इतकाच. मी म्हटलं, कडेनं घाल हं, वरून नको.

त्यानं पळी घेतली आणि वरूनच ओतला.